वरकुट्यात दुखतं, पिंपळीत थांबतं

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. मी घेणार. युवराज. घेतलं, आता काय करायचं ते करा. माझं डोकं ठिकाणावर न्हाय म्हणून वरीसभर सगळ्या वरकुट्याला सांगत फिरले हे लोक, मग आता त्याच डोक्यातनं काय निघतंय ते ऐकून बी घ्या.

मी माधवी. माहेर पिंपळीचं, बारामतीपासनं जवळ. बापाचा भाजीपाला. सासर हितं वरकुट्याला, इंदापूर तालुक्यात, डाळिंबाची बाग. म्हणजे कामाची भीती मला न बापाच्या घरी व्हती, न हितं आल्यावर. फळं काढायच्या दिवसांत बायांच्या बरोबरीनं क्रेट उचललेत मी, पोटात माझी पोरगी, संस्कृती, असताना सुद्धा. तवा कुणी म्हणलं न्हाय की माधवी आळशी हाय.

मागल्या पावसाळ्यात कधीतरी हे सुरू झालं. सकाळी डोळे उघडायच्या आधी डोकं ठणकायचं. कपाळावर पाटा ठेवल्यागत जड. हातापायात बळच न्हाय. भाकरी थापता थापता हात गळून जायचा, आन् परातीसमोर मी नुसती बसून राहायची. मळमळायचं, तोंडाला पाणी सुटायचं. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूला, वाटलं दिवस गेलेत. चार दिवस माझ्या पुढ्यात दूध काय, खारीक काय! मग कळलं तसलं काय न्हाय, तर त्याचा बी राग माझ्यावरच. जसं काय मीच फसवलं.

दवाखाने झाले. इंदापुरात सलाईन लावलं, ताकदीची इंजेक्शनं दिली. मग बारामतीचा मोठा दवाखाना. तितं डोक्याचा फोटो काढला. फोटो नॉर्मल. रक्त नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, डोळ्याला नंबर न्हाय. एकेक रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले माझ्याकडं असं बघायचे, जणू मला चोरी करताना पकडलंय. अहो, रिपोर्ट चांगला आला तर माणसं पेढे वाटतात! आमच्या घरात तोंडं पडायची.

शेवटी तो बारामतीचा डॉक्टर खुर्चीत मागं रेलून म्हणला, "ताई, टेन्शन घेता का फार?"

मी म्हणलं, "घेत नव्हते. आता घ्यायला लागले."

त्यानं हसून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. झोपेच्या! मला झोपेतनं उठायला होत न्हाय म्हणून मी आले, आन् हा मला आणखी झोपवतोय. गोळ्या मी मोरीत ओतल्या. युवराजला कळलं तर म्हणाला, "तुला बरं व्हायचंच न्हाय."

मग आत्यांचं सुरू झालं. बाहेरचं असंल म्हणून लिंबं उतरली, मीठ-मोहऱ्या उतरल्या. आमचं कुलदैवत नरसिंहपूरचं, तर तितं नेऊन संगमावर थंडीत आंघोळ घातली. देवाला मी काय बी म्हणणार न्हाय, देवाचा काय दोष. पण त्या देवळात, तिथल्या सावलीत बसल्यावर दुपारपर्यंत माझं डोकं खरंच हलकं झालं. आत्या खूष. घरी आलो, झोपलो, सकाळी पुन्हा हाय तेच. तर म्हणतात कशा, "देवानं दिलेलं बी हिला टिकवता येईना."

आन् सगळ्यात वाईट काय, तर मी पिंपळीला गेले की बरी व्हायची. खरंच व्हायची. दोन-चार दिवसांत डोकं उतरायचं, भूक लागायची, आईबरोबर घेवडा तोडायला वाफ्यात उतरायची. फोनवर माझा आवाज ऐकून आत्यांना कळायचं. परत आले की दारातच सुरुवात, "पिंपळीच्या पाण्यात अमृत हाय का गं? आमच्या विहिरीत काय इख हाय? हितं दुखतं, तितं थांबतं, हे कसलं दुखणं? हिला नांदायचंच न्हाय."

खोटं थोडंच व्हतं ते. हितं दुखतं, तितं थांबतं. मलाच माझी शंका यायला लागली. आपल्याला खरंच नांदायचं न्हाय का, आन् मन आपल्याला फसवतंय का, असं आडवं पडून विचार करायची. माणसाला स्वतःचं दुखणं खोटं वाटायला लावायचं, ह्याच्यापरीस मोठं पाप कुठलं असंल तर मला सांगा.

होळी झाली आन् मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मोहनरावांनी, एक दिवस चहा पिता पिता सांगून टाकलं. "पोरी, तू पिंपळीला जा. पडून राहा तितं, जेवढं राहायचं तेवढं. संस्कृती हितंच राहील. तिची बालवाडी हाय."

"लेकरू माझ्याबिगर राहील का मामा?"

"आजी हाय की."

युवराज खाली बघून बुटाची नाडी बांधत व्हता. ती नाडी किती येळ बांधत व्हता, देवाला ठाऊक.

मी गेले. का गेले म्हणाल, तर अंगात भांडायचं बळ नव्हतं. बळच नव्हतं हो, हे कुणाला कसं सांगायचं! पोरगी पायाला धरून बसली, तिला आत्यांनी उचलून आत नेलं. पिंपळीत दर खेपेसारखी मी बरी झाले. बरी झाले आन् डोकं चालायला लागलं, तसा राग बी चालायला लागला.

एप्रिलमध्ये माझा भाऊ अजित मार्केटातनं घरी आला तो तोंड पाडूनच. त्याला तितं वरकुट्याचा कुणी भेटला व्हता. म्हणला, "ताई, रविवारी तुझ्या सासरी बैठक हाय. सर्जेराव तात्या येणारेत, भावकीतली माणसं येणारेत. तुला हितंच ठेवायची आन् पोरगी तिकडं, कायमची, असं ठरवायचंय. लेकरू आमच्या घराण्याचं, आजारी बाईच्या हाती कसं द्यायचं, म्हणतात."

सर्जेराव तात्या म्हणजे आमच्या भावकीतला मोठा माणूस. तो बोलला की विषय संपला.

त्याच दिवशी मी संस्कृतीला फोन लावला. आत्यांच्या मोबाईलवर बोलायची ती. एरवी नुसती चिवचिव, आज गप्प. म्हणलं, "काय झालं गं बाळा?"

"आई, माझं डोकं लई जड झालंय. मला शाळेत झोप येती." मग बारीक आवाजात, "आजीचं बी दुखतं. आजी रोज कपाळाला बाम लावती. म्हणती, कुणाला सांगू नको."

माझ्या हातातला घेवडा खाली पडला. आई विचारतीया काय झालं, काय झालं. आत्यांचं डोकं दुखतंय! ज्या बाईनं जन्मात कुठलं दुखणं अंगाला लावून घेतलं न्हाय, ऊस तोडून सहा वाजता भाकरी टाकणारी बाई, ती बाम लावतीया.

मी मग शांतपणे विचार करायला बसले. पाणी म्हणाल तर सगळं घर एकाच टाकीचं पितंय. जेवण सगळ्यांचं एका तव्यावरचं. मामांना काय न्हाय. युवराजला काय न्हाय, पण तो डाळिंबं चोरीला जातात म्हणून रोज बागेतल्या खोपीत झोपतो. पोरगी पहिल्यापासनं आजीपाशीच, ओसरीवर झोपायची. मग मी गेल्यापासनं आत्यांनी नवीन काय केलं? एवढंच केलं, की ओसरीवर झोपायचं सोडून माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर, पोरीला कुशीत घेऊन झोपायला लागल्या. कूलर त्याच खोलीत हाय, उकाड्यानं दारं-खिडक्या लावून घेतात.

पलंग. माझ्या बापानं लग्नात दिलेला, खाली पेटी असलेला, सागवानी पट्टीचा पलंग.

त्या पेटीत काय हाय ते मला म्हाईत व्हतं. घरात सगळ्यांना म्हाईत व्हतं. मागल्या उन्हाळ्यात बागेतल्या शेडचं कुलूप तुटलं आन् फवारणीची भारीतली औषधं चोरीला गेली. तवापासनं युवराजनं उरलेले डबे घरी आणले आन् पलंगाच्या पेटीत घालून कुलूप लावलं. चोराला सापडू नयेत आन् पोरीच्या हाताला लागू नयेत म्हणून. शहाणपणाचं काम केलं असंच सगळ्यांना वाटलं, मला बी वाटलं. आमच्या भावकीत कुणाची माळ्यावर असतात, कुणाची कोठीत धान्याशेजारी. वास येतो म्हणाल, तर डाळिंबवाल्याच्या घरात औषधाचा वास न्हाय तर काय अत्तराचा येणार? कपड्यांना येतो, ट्रॅक्टरला येतो, नवऱ्याला येतो. नाकाला कळायचं बंद होतं.

पण डबा बंद असला तर एवढं कसं होईल, हे मला कळंना. ते बघायचंच ठरवलं.

रविवारी अजितच्या पिकअपमधनं वरकुट्याला गेलो. अंगणात लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. सर्जेराव तात्या मधी, मामा शेजारी, आणखी दोन-तीन पांढऱ्या टोप्या, कडंला युवराज उभा. आत्या दारात, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मला बघून सगळ्यांचे चहाचे कप हवेतच राहिले. बोलावलं नव्हतं ना मला! जिचा न्यायनिवाडा करायचा, तिलाच आवताण न्हाय.

"ये बाळ, बस," तात्या म्हणले.

"बसते तात्या. आधी खोलीत जाऊन येते."

खोलीत गेले. भर दुपारची संस्कृती पलंगावर झोपलेली, घामानं चिंब. ही पोरगी दुपारची कधी पापणी मिटायची न्हाय. तिला उचलून अजितच्या हातात दिली, म्हणलं बाहेर ने, झाडाखाली धर. मग गादी धरून ओढली. गादीच्या खालच्या अंगाला हाताएवढे दोन पिवळे-तपकिरी डाग, मधी कापड विरलेलं. खालची प्लायवूड फुगून पापडासारखी उठलेली. कुलपाची किल्ली युवराजच्या करगोट्याला. मागायला कोण जातंय! स्वयंपाकघरातनं वरवंटा आणला आन् कडीवर घातला. तिसऱ्या दणक्याला कडी फळीतनं उखडून आली.

वरची फळी उचलली तसा भपकाराच आला, डोळ्यातनं पाणी आलं. पदर तोंडाला लावून बघितलं. डबे ओळीनं उभे. आन् एकाला बी टोपण न्हाय! एकाच्या तोंडात बनियनचा बोळा, एकाला दुधाच्या पिशवीचा तुकडा रबर लावून, एकात नुसतं कापसाचं बोंड कोंबलेलं. एक आडवा झालेला, रिकामा, त्यातलं सगळं फळीनं पिऊन टाकलेलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फवारणीला औषध मापतात ते टोपणानं. एका पंपाला दोन टोपणं, तीन टोपणं, असाच हिशोब असतो सगळ्यांचा. मापाचं भांडं दुकानदार फुकट देतो, ते कुणी वापरत न्हाय. टोपण बागेत टाकीच्या काठावर राहतं, पुन्हा तितंच लागणार म्हणून. आन् डबा बोळा कोंबून घरी येतो. माझ्या उशाखाली येतो. वरीसभर मी त्या उघड्या तोंडांवर झोपत व्हते, आन् आता माझी पोरगी.

मला किती राग आला, ते कसं सांगू. त्या गादीचं टोक धरलं आन् फरफटत ओसरीवरनं अंगणात आणली, आन् तात्यांच्या पायापुढं उलटी टाकली.

"घ्या. वास घ्या. ह्यावर माझी पोरगी झोपतीया."

मग तात्या वाकले, आन् लगेच मान फिरवून खोकायला लागले.

मी सगळं सांगितलं. बोळे, टोपणं, प्लायवूड. युवराजचा चेहरा राखेसारखा झाला. त्याला मी गुन्हेगार म्हणत न्हाय, त्याला म्हाईत नव्हतं. पण म्हाईत नसताना सुद्धा "नाटक करती" म्हणायला म्हाईत व्हतं की! तो पुढं आला आन् म्हणला, "झालं ते झालं माधवी. डबे आत्ता शेडात नेतो. गादी उन्हात टाकतो दोन दिवस, वास जाईल."

"उन्हात टाकता? टाका आन् आज तुमीच झोपा हिच्यावर. उद्या सकाळी मी विचारायला येते, काय दुखतंय का नाटक हाय ते."

"मला राखणीला जायचंय," तो पटकन म्हणला. मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो.

मामांना ते सोसलं न्हाय. "लई बोलू नगं पोरी," ते म्हणले. "वास असंल, औषध असंल. पण वासानं कुणी वरीसभर आजारी पडत न्हाय. तसं असतं तर तुझी आत्या बी पडली असती. महिना झाला तिथंच झोपती ती. हाय का तिला काय?"

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. मी बी बघितलं. माझी पोरगी माझ्याकडं राहणार का ह्यांच्याकडं, ते आता ह्या बाईच्या जिभेवर आलं व्हतं. जिनं मला आळशी म्हणलं, नाटकी म्हणलं, जी माझ्या पोरीला कुणाला सांगू नको म्हणली, तिच्या.

"आत्या," मी म्हणलं, "तुमचं डोकं दुखतंय का न्हाय? पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

आत्या उभ्याच राहिल्या. पदर मागं सरला तर कपाळावर बामाची चकाकी. अजितच्या खांद्यावर मान टाकून पडलेल्या संस्कृतीकडं त्यांनी बघितलं. मग म्हणल्या, "व्हय. दुखतंय. उठवत न्हाय सकाळची."

मामा हसले. खरंच हसले. "अगं, तुझं वयाचं असंल. ह्या उन्हाळ्यात कुणाचं दुखत न्हाय? तू बी काय हिच्या नादाला लागून मनावर घेतीस!"

मी आत्यांच्या तोंडाकडं बघत व्हते. जे मी वरीसभर गिळलं, ते त्यांना एका घोटात मिळालं, आन् कडू लागलं.

"वयाचं?" आत्या म्हणल्या. "मागल्या महिन्यापर्यंत माझं वय कुठं गेलं व्हतं? संग राहून जन्म गेला, कधी म्हणले का तुम्हाला की मला दुखतंय? एकदा म्हणले, तर म्हणतात मनावर घेतलंय!" आवाज एवढा चढला की शेजारची माणसं बांधावर आली. मामा "अगं, अगं" करत राहिले. आत्या वळल्या, आत गेल्या, आन् बाहेर आल्या त्या संस्कृतीच्या कपड्यांची पिशवी घेऊन.

"पोरगी हिच्यासंग जाईल," त्या म्हणल्या. "आन् मी बी चालले तपासायला."

"वहिनी, बैठक अर्धी हाय," तात्या म्हणले.

"मग बसा की. चहा हाय अजून."

अजितनं त्यातला एक डबा पिशवीत गुंडाळून, तोंड बांधून पिकअपच्या हौद्यात ठेवला, डॉक्टरला औषधाचं नाव कळावं म्हणून. पुढं केबिनमध्ये आमी दाटीवाटीनं बसलो, संस्कृती माझ्या मांडीवर. भिगवणचा रस्ता लागला. मग आत्या म्हणल्या, "माधवी, मी..."

"आत्या, आत्ता काय बोलू नका. मला लई राग हाय."

"असू दे," त्या म्हणल्या, आन् खिडकीतनं बाहेर बघत बसल्या.

डॉक्टर तोच व्हता, बारामतीचा. मला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण डबा बघून गेली. त्यानं बॅटरी घेऊन पोरीच्या डोळ्यात बघितलं. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या व्हत्या. मग आमचं तिघींचं वेगळं रक्त काढलं, फवारणीच्या औषधाची बाधा कळते ते. रिपोर्ट आला तवा ह्या खेपेला नॉर्मल शब्द कुठं नव्हता. श्वासातनं आन् कातडीतनं रोज थोडं थोडं अंगात गेलंय, म्हणला. पोरीला दवाखान्यात ठेवायला लागंल, लहान अंगाला जास्त बाधतं. पण त्या खोलीपासनं लांब राहिलात तर हळूहळू सगळ्या बऱ्या व्हाल.

मी बाकावर बसले. डोकं स्वच्छ व्हतं. मी खोटी नव्हते. मला आधी तेवढंच कळलं, मग रडू आलं.

डॉक्टर पोरीच्या गालाला हात लावून म्हणला, "बरं झालं, वेळेत आणलंत हिला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या खुर्चीवरनं उठल्या. दोन्ही हात टेबलावर टेकले.

"वेळेत?" त्या म्हणल्या. "माझी सून तुमच्याकडं वरीसभर येतीया डॉक्टर."

त्यानं पोरीच्या भरतीचा कागद पुढं ओढला आन् लिहायला घेतला. नर्स पोरीला न्यायला आली, तर मी तिला म्हणलं, राहू दे, मीच उचलून आणते.